जुनी ईआरपी सोडण्याआधी: कंपनीची तयारी कोणत्या क्रमाने करावी

बहुतेक कंपन्यांत क्रम असा असतो: जुनी ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशोब एकत्र सांभाळणारी संगणकावरची सिस्टीम) वरचेवर अडायला लागते, मालक दोन-तीन डेमो बघतात, एकाला ऑर्डर जाते, कन्सल्टंट येतात, आणि गो-लाइव्हला, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू व्हायला, सहा आठवडे उरले की डेटा भरायची एक्सेल टेम्प्लेटं स्टोअरच्या आणि अकाउंट्सच्या टेबलावर येऊन पडतात. रोजचं काम सांभाळून माणसं ती रात्री बसून भरतात. बिघाडाची सुरुवात इथे होते, आणि ती कळते गो-लाइव्हनंतर.

योग्य क्रम याच्या जवळजवळ उलटा आहे. आधी जुन्या सिस्टीममधला आकडा आणि जागेवरचा माल एकमेकांशी जुळवायचा, मग काय न्यायचं ते ठरवायचं आणि त्यानंतर विक्रेत्याला बोलवायचं. या तयारीला चार ते सहा महिने धरा.

पुढचं सगळं चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर किंवा शिरोलीतल्या दोनशे ते हजार माणसांच्या उत्पादन कंपनीला समोर ठेवून लिहिलं आहे. तुमची जुनी सिस्टीम एखाद्या स्थानिक डेव्हलपरने फॉक्सप्रोत किंवा ओरॅकल फॉर्म्समध्ये बांधून दिलेली असेल, किंवा एसएपी कंपनीची जुनी ईआरपी, ईसीसी, असेल. पायऱ्या त्याच राहतात. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आधी माणसं मोकळी करा

प्रकल्पाचा प्रमुख आयटीचा नको. आयटीवाल्यांशिवाय काम होणार नाही हे खरं, पण रिजेक्शन मधल्या ऑपरेशनला नोंदवायचं की फायनल इन्स्पेक्शनला, हा निर्णय त्यांनी घ्यायचा नसतो. प्रमुख असा हवा ज्याने प्लांट किंवा हिशोब स्वतः चालवला आहे आणि ज्याचा शब्द खरेदी, उत्पादन आणि अकाउंट्स तिघेही मानतात.

त्याच्या हाताखाली सहा की यूजर, म्हणजे आपापल्या विभागाच्या वतीने नव्या सिस्टीमचं काम बघणारी माणसं, घ्या: स्टोअर, खरेदी, प्लॅनिंग, क्वालिटी, डिस्पॅच आणि अकाउंट्स यांचा प्रत्येकी एक. प्रत्येक विभागप्रमुख रिकामा असलेला माणूस देऊ पाहील. तो नको. ज्याला सोडणं परवडत नाही असं विभागप्रमुख म्हणतात, तोच माणूस हवा. त्याला रोज अर्धा दिवस द्यायचा आणि तेवढा वेळ त्याचं नेहमीचं काम कोण करणार हे नावानिशी लिहून ठेवायचं. पर्यायी माणूस न देता "थोडं थोडं बघत राहा" असं सांगितलं की काम पुढे सरकत नाही. त्या माणसाच्या टेबलासमोर ट्रकवाला उभा असतो आणि तुमची टेम्प्लेट ड्रॉवरमध्ये जाते.

पहिल्या दिवसापासून निर्णयांची एक नोंदवही सुरू करा. प्रश्न, निर्णय कोणी द्यायचा, कधीपर्यंत, काय ठरलं, हे चार रकाने पुरेत. तीन दिवसांत निर्णय झाला नाही तर प्रश्न थेट मालकांकडे.

तपासा: सहा नावं, सहा बदली नावं आणि मालकांची सही असलेला एक कागद हातात आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. जुन्या सिस्टीमची झडती

"आमच्याकडे सगळं ईआरपीतच आहे" असं प्रत्येक कंपनी सांगते. भोसरीच्या एका कंपनीत मीही ते ऐकून पुढे निघाले होते. तिसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये बसले असताना एका पार्टचं लोकेशन विचारलं. स्टोअरकीपर काकांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. टेबलाखालच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही काढली, थुंकी लावून पान उलटलं आणि म्हणाले, "मॅडम, रॅक सात, खालचा कप्पा. पण त्यातले चाळीस क्वालिटीने अडकवलेत, ते धरू नका." ते चाळीस नग सिस्टीममध्ये चांगल्या मालात दिसत होते. त्या कंपनीची खरी स्टोअर सिस्टीम ती वही होती, आणि तिचा उल्लेख एकाही मीटिंगमध्ये झाला नव्हता.

म्हणून मीटिंगमध्ये विचारून यादी करू नका. प्रत्येक टेबलाशेजारी बसा, आणि शक्यतो २५ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत, म्हणजे महिनाअखेरीच्या कसरती डोळ्यांसमोर येतील. या पाच गोष्टी टिपा:

– कोणते रिपोर्ट खरोखर छापले जातात किंवा एक्सेलमध्ये काढले जातात, आणि काढल्यावर त्यात हाताने काय बदललं जातं. हा हाताने केलेला बदल सर्वांत मोलाचा. सिस्टीम कुठे खोटं बोलते ते तिथे कळतं.

– बाजूला चालणाऱ्या वह्या, एक्सेल, व्हॉट्सॲप ग्रुप आणि टॅलीतली वेगळी नोंद.

– बाहेरचे जोड: ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल, ग्राहकाच्या पोर्टलवर चढणारं एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना), वजनकाट्याचा आकडा, बारकोडचे प्रिंटर, बँकेची पेमेंट फाइल, हजेरीचं मशीन.

– कोणाच्या लॉगइनवर कोण काम करतं. एकाच पासवर्डवर तिघं काम करत असतील तर नव्या सिस्टीममध्ये अधिकार ठरवताना हाच गुंता होतो.

– जुन्या डेव्हलपरशिवाय कोणालाही कळत नाहीत अशा जागा. टेबलांची यादी, रचना आणि डेटाबेसचा पासवर्ड आत्ताच, संबंध चांगले असताना लेखी घ्या. कंपनी सोडून चालली आहे हे कळल्यावर तीच माहिती मिळायला फार वेळ लागतो.

एसएपी ईसीसी असेल तर अंदाजावर जाण्याची गरज नाही. कोणते व्यवहार चालतात ते एसटी०३एन या स्क्रीनवर दिसतं, आणि एससीमॉन हे नोंदीचं साधन सुरू करून ठेवलं तर स्वतः लिहिलेले झेड प्रोग्रॅम कोणते चालतात तेही नोंदलं जातं. मात्र ही नोंद मार्च-अखेरीसकट असू द्या, कारण वर्षातून एकदाच चालणारा प्रोग्रॅम तीन महिन्यांच्या नोंदीत मेलेला दिसतो. सोबत एसएपीचा रेडिनेस चेक (एस/४ हाना या त्यांच्या नव्या ईआरपीला जायची तयारी तपासणारं साधन) चालवा. मटेरियल लेजर, ॲसेट अकाउंटिंगची नवी पद्धत, क्रेडिट मॅनेजमेंट, रिबेट या जागी काय बदलावं लागेल ते त्यात येतं. तारखांचा गोंधळही दूर करून घ्या: ईसीसी ६.०वर एन्हान्समेंट पॅक (सुधारणांचा संच) ६ ते ८ असेल तर मुख्य सपोर्ट २०२७च्या अखेरपर्यंत आहे, आणि जादा पैसे भरून २०३०च्या अखेरपर्यंत. पॅक ५ किंवा त्याखालचा असेल तर मुख्य सपोर्ट २०२५च्या अखेरीस संपला. आपला पॅक कोणता हे बऱ्याच कंपन्यांत मालकांना माहीतच नसतं.

साखर कारखाने आणि दूध संघांसाठी वेगळी सूचना. सभासदांची नावं जुन्या मराठी फॉन्टच्या संकेतांत साठवलेली असतील तर ती नव्या सिस्टीममध्ये अगम्य चिन्हं होऊन उतरतात. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, आणि रूपांतर झाल्यावर रफार आणि जोडाक्षरांची नावं वेगळी काढून डोळ्यांनी वाचा. पेमेंट सभासदाच्या नावावर जाणार असतं, तिथे "बऱ्याच अंशी बरोबर" चालत नाही.

सावधान: झडतीत सापडलेली प्रत्येक गोष्ट नव्या सिस्टीममध्ये न्यायचीच असं नाही. ही फक्त यादी आहे. निवड पाचव्या आणि सहाव्या पायरीला.

## ३. एक पार्ट पकडून चाला

प्रोसेस मॅपिंग म्हणून भिंतीभर चौकोन-बाण काढण्याआधी सर्वांत जास्त खपणारा एक पार्ट निवडा आणि त्याच्यासोबत गेटपासून गेटपर्यंत चाला. माल आला, गेट एन्ट्री, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), इन्स्पेक्शन, इश्यू, कटिंग, मशीनिंग, बाहेर प्लेटिंगला, परत, फायनल, पॅकिंग, डिस्पॅच. प्रत्येक थांब्यावर दोनच प्रश्न: माल हलला कधी, आणि सिस्टीममध्ये एन्ट्री झाली कधी? दोन वेळांतलं अंतर लिहा. ते काही तासांचं असेल तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा शनिवारी एकत्र एन्ट्री होत असेल, तर नवी सिस्टीम आणूनही प्लॅनिंग चुकणारच, कारण प्लॅनिंग त्या क्षणाचा साठा बघून चालतं.

याच फेरीत बीओएमचा, म्हणजे एका नगाला कोणता माल किती लागतो या यादीचा, खरेपणा तपासा. एका शाफ्टचं उदाहरण घेते. बीओएममध्ये बारचं वजन ०.८५० किलो. कटिंगला उभं राहून वीस तुकडे वजन केले, करवतीची जाडी आणि बारच्या टोकाचा उरलेला तुकडा धरला, तर एका नगाला ०.९१० किलो बार लागत होता. वर्षानुवर्षं हा ६० ग्रॅमचा फरक महिनाअखेरीला "वजन फरक" अशी एन्ट्री टाकून मिटवला जायचा. हीच बीओएम नव्या सिस्टीममध्ये गेली आणि उत्पादनाच्या एन्ट्रीबरोबर माल आपोआप वजा व्हायला लागला, तर दहा हजार नगांमागे ६०० किलो बार कागदावर शिल्लक दिसेल आणि यार्डात नसेल. प्लॅनिंग म्हणेल माल आहे, खरेदी विभाग पीओ (खरेदीची ऑर्डर) काढणार नाही, आणि एक दिवस मशीन थांबेल.

सर्व बीओएम असे तपासणं शक्य नसतं. एकूण कच्च्या मालाच्या खर्चात ज्यांचा वाटा मोठा आहे, ते पार्ट आधी घ्या. बाकीचे चक्राकार पद्धतीने, आठवड्याला ठरावीक.

तपासा: दुरुस्त केलेली बीओएम जुन्या सिस्टीममध्येच भरा आणि दोन महिने चालवा. "वजन फरक"ची एन्ट्री कमी झाली की दुरुस्ती बरोबर.

## ४. मास्टरची साफसफाई

मास्टर म्हणजे आयटम, पुरवठादार आणि ग्राहक यांच्या मूळ याद्या. त्यांची साफसफाई हा सगळ्यांत लांबणारा टप्पा आहे आणि सगळ्यांत आधी आखडता घेतला जातो. साफसफाई जुन्या सिस्टीममध्ये करायची, एक्सेलमध्ये नाही. एक्सेलमध्ये केली तर तुम्ही साफ करत असताना जुन्या सिस्टीममध्ये नवा कचरा येत राहतो, आणि तीन महिन्यांनी दोन्हींचा मेळ बसत नाही.

पहिला दिवस: नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे. बाकी सगळ्यांचा काढून घ्या. थोडी कुरबुर होते, होऊ द्या.

मग क्रमाने.

एकक. बार किलोवर विकत येतो आणि मीटरवर किंवा नगावर इश्यू होतो. पाइप, वायर, रंग, पॅकिंगचा रोल यांचंही तसंच. प्रत्येक आयटमचं साठ्याचं एकक एक ठरवा आणि रूपांतराचा गुणक लिहा. एकक चुकलं की त्यावरची बीओएम, दर आणि साठा तिन्ही चुकतात, आणि नव्या सिस्टीममध्ये व्यवहार सुरू झाल्यावर एकक बदलणं बहुतेक वेळा शक्य नसतं. म्हणून ते सगळ्यांत आधी.

आयटम. एकच बोल्ट तीन नावांनी सापडतो: "बोल्ट एम ८ x २५", "एम-८ हेक्स २५ एमएम", "२५ लांब ८ चा बोल्ट". नावाचा साचा ठरवा (वस्तू, प्रकार, माप, ग्रेड, फिनिश) आणि सगळी नावं त्यात बसवा: "बोल्ट, हेक्स, एम ८ x २५, ८.८, झिंक". साचा लागला आणि यादी अकारविल्हे लावली की जुळे कोड आपोआप एकाखाली एक येतात. एकत्र करताना ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन बघा. रिव्हिजन वेगळी असेल तर पार्ट वेगळा, नाव कितीही सारखं असो. कोडच्या आकड्यांत अर्थ भरण्याचा मोह टाळा. पहिले दोन अंक ग्रुपचे, पुढचे तीन मशीनचे, असं करत गेलं की चार वर्षांत एखादा ग्रुप भरतो आणि नियम मोडावा लागतो.

तीन वर्षं न हललेला आणि शून्य साठ्याचा कोड नेऊ नका. अपवाद: डाय, फिक्श्चर, मशीनचे स्पेअर, आणि ज्या गाड्यांचं उत्पादन थांबलं आहे त्यांचे सर्व्हिस पार्ट. मॉडेल बंद झालं तरी ग्राहक त्यांची मागणी पुढे कितीतरी वर्षं काढतो. ही यादी खरेदीला विचारू नका, मार्केटिंगला विचारा.

पुरवठादार आणि ग्राहक. जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा नंबर, १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. म्हणून पॅनचा रकाना आणि जीएसटीआयएनमधली दहा अक्षरं जुळतात का हे एका सूत्राने अर्ध्या तासात तपासून होतं, आणि दरवेळी काही ना काही चुकलेलं सापडतंच. मग प्रत्येक नंबर जीएसटी पोर्टलवर चालू आहे की रद्द ते बघा. उद्यम नोंदणी असलेले पुरवठादार वेगळे चिन्हांकित करा, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे द्यायची कमाल ४५ दिवसांची मुदत नव्या सिस्टीमला कळायची असेल तर ती खूण मास्टरमध्येच हवी.

एस/४ हानाला जाणार असाल तर इथे जादा काम आहे. तिथे व्हेंडर आणि कस्टमर असे दोन वेगळे मास्टर राहत नाहीत, दोन्ही बिझनेस पार्टनर होतात, आणि हे जोडकाम रूपांतराच्या आधी ईसीसीतच पूर्ण करावं लागतं. आपल्याकडे एकच जॉबवर्कर (आपला माल नेऊन त्यावर काम करून परत देणारा) प्लेटिंगही करून देतो आणि भंगारही विकत घेतो. तो एक पार्टनर ठेवायचा की दोन, हे अकाउंट्सने आधी ठरवायचं.

सावधान: साफसफाईच्या गडबडीत पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक ई-मेलवर मागवून भरू नका. फसवणूक करणारे नेमके असेच दिवस गाठतात. रद्द केलेला चेक आणि आधीपासून ओळखीच्या फोन नंबरवर खात्री, दोन्ही हवेत.

## ५. काय न्यायचं, काय मागे ठेवायचं

माझं मत स्पष्ट आहे: चालू गोष्टी न्या, संपलेल्या मागे ठेवा. दहा वर्षांचे सगळे व्यवहार नव्या घरात न्यायचा हट्ट धरला तर खर्च वाढतो, वेळ जातो, आणि ते व्यवहार पुन्हा कोणी उघडत नाही.

न्यायच्या आधी बंद करा. दोन वर्षांपूर्वीच्या पीओवर राहिलेले १२ नग कधीच येणार नाहीत. तो पीओ बंद. जीआरएन झालं पण बिल आलं नाही अशा नोंदी एकेक फोन करून मिटवा. ग्राहकाने कापलेल्या जुन्या डेबिट नोटा मान्य करा किंवा नाकारा, लोंबकळत ठेवू नका. अकाउंट्सच्या दोन माणसांना या एवढ्या कामाला महिना लागतो.

जे जाईल ते बारकाव्यासकट जाऊ द्या. सर्वाधिक चुका इथल्या तीन जागी होतात:

जॉबवर्कची चलनं. शॉपवर अजूनही त्यांना "सत्तावन्न एफ चार" म्हणतात, तो एक्साइजचा नियम केव्हाच गेला तरी. बाहेर गेलेला माल नव्या सिस्टीममध्ये एकत्र बेरीज करून, गो-लाइव्हच्या तारखेने चढवला जातो. तसं करू नका. जीएसटी कायद्याच्या कलम १४३नुसार कच्चा माल १ वर्षात आणि भांडवली वस्तू ३ वर्षांत परत यायला हवी, नाहीतर पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असं धरलं जातं. मूळ चलन नंबर आणि मूळ तारीख गेली नाही तर सिस्टीम मुदत नव्याने मोजायला लागते, आणि जॉबवर्कचं विवरण, आयटीसी-०४, भरताना आकडे बसत नाहीत.

येणी-देणी. पार्टीची एकच बेरीज नको. बिलागणिक, मूळ तारखेसकट. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे गेले नाहीत तर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. बिलाची तारीखच नसेल तर हे दिवस मोजणार कशावरून?

मालमत्ता. निव्वळ किंमत नको. मूळ किंमत, खरेदीची तारीख आणि आतापर्यंतचा घसारा वेगवेगळा.

मागे राहिलेल्या जुन्या सिस्टीमचं काय? कंपनी कायद्याच्या कलम १२८प्रमाणे हिशोबाची पुस्तकं ८ वर्षं जपावी लागतात, आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. शिवाय १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, बंद न करता येणारी असावी लागते. ती नोंदही मागे राहणाऱ्या सिस्टीमसोबत जपायची. फक्त रिपोर्टांच्या पीडीएफ काढून सर्व्हर भंगारात देणं धोक्याचं आहे.

तपासा: जुन्या सिस्टीमचा बॅकअप दुसऱ्याच मशीनवर उभा करा आणि चार वर्षांपूर्वीचं एक बिल त्यातून छापून बघा. छापलं गेलं तरच बॅकअप आहे असं धरा. फक्त वाचण्यासाठी किती लायसन्स ठेवावी लागतील हेही आत्ताच विचारा.

## ६. आता विक्रेत्याला बोलवा

इथपर्यंत आलात की डेमोचं स्वरूप बदलतं. विक्रेत्याचा नमुना डेटा बघू नका. तुमची दहा अवघड प्रकरणं द्या: ग्राहकाने मोफत दिलेला कच्चा माल, प्लेटिंगहून कमी परत आलेले नग, मागच्या तारखेपासून लागू झालेला दरबदल आणि त्याच्या पुरवणी बिलाची गडबड, रीवर्क होऊन परत लाइनवर गेलेला लॉट. प्रत्येक प्रकरण तुमच्याच पार्ट नंबरवर करून दाखवायला सांगा.

"आमच्याकडे असंच करतात, तसं बदलून द्या" ही मागणी प्रत्येक विभागातून येईल. तिला एकच चाळणी लावा: हे कायद्याने हवं आहे का? ग्राहकाच्या अटीत आहे का? दोन्ही नसेल तर ती सवय आहे, आणि सवय बदलायची. जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीने साठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरण्याची आपली पद्धत सोडली नाही. प्रमाणित सॉफ्टवेअर विक्री किमतीवर चालत होतं, म्हणून ते बदलत नेलं. २०१८मध्ये त्यांनी तो प्रकल्पच सोडून दिला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

करारात किमान हे लिहून घ्या: तीन सराव-स्थलांतरं (डेटा नव्या सिस्टीममध्ये चढवून बघायचे सराव) किमतीत धरलेली, सोडून जायची वेळ आली तर संपूर्ण डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत, आणि गो-लाइव्हनंतर एक महिनाअखेर पूर्ण होईपर्यंत कन्सल्टंट प्लांटवर हजर.

## ७. तीन वेळा सराव

पहिला सराव फसतोच, तो फसण्यासाठीच करायचा. त्यात कोणती टेम्प्लेट अडते, कोणता रकाना तुमच्याकडे नाहीच, ते कळतं. दुसऱ्यात सगळा डेटा. तिसऱ्यात घड्याळ लावून, जणू खरोखरच कटओव्हर (जुन्या सिस्टीमवरून नवीवर प्रत्यक्ष जाणं) आहे तसा, त्याच माणसांनी, त्याच क्रमाने.

प्रत्येक सरावानंतर ताळा: ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत, साठ्याचं मूल्य आणि नग दोन्ही, खुल्या पीओची शिल्लक, बिलागणिक येणी-देणी, बाहेर असलेला माल चलनागणिक. बेरीज जुळली म्हणून थांबू नका, कारण दोन उलट चुका एकमेकींना झाकतात. यादीतून पंचवीस पार्ट काढा आणि एकेक ओळ जुन्या स्क्रीनशेजारी ठेवून बघा. ताळ्यावर सही की यूजरची, कन्सल्टंटची नाही.

प्रशिक्षण दुसऱ्या आणि तिसऱ्या सरावाच्या मध्ये घ्या. महिनाभर आधी दिलेलं विसरलं जातं. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून चाळीस जणांना एकदम शिकवू नका. डिस्पॅचच्या माणसाला डिस्पॅचच्याच टेबलावर, त्याच्याच ग्राहकाचं बिल करायला लावा, आणि त्याच्यासाठी मराठीत एका पानाची टिपण भिंतीवर चिकटवा. रात्रपाळीला विसरू नका. पहिल्या आठवड्यातले बरेच घोटाळे रात्री दोनला होतात, कारण तेव्हा विचारायला कोणी नसतं.

तपासा: तिसऱ्या सरावाला लागलेले तास तुमच्या सुट्टीच्या दोन-अडीच दिवसांत बसतात का? नसतील तर तारीख पुढे ढकला. इथे ढकललेला महिना स्वस्त पडतो.

## ८. तारीख आणि कटओव्हर

१ एप्रिल सगळ्यांना सोयीची वाटते: वर्ष नवं, बिलांची मालिका नवी, ओपनिंग स्वच्छ. पण मार्चअखेरीला डिस्पॅच सर्वाधिक, ऑडिटर दारात आणि तीच माणसं दोन्हीकडे. मी १ जुलै सुचवते. सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा: गणपतीला कोकणातली अर्धी माणसं गावी जातात आणि सणांमुळे ग्राहकांची शेड्यूल वाढलेली असतात. १९९९मध्ये अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने नवी सिस्टीम जुलैत, हॅलोविनच्या मागणीच्या तोंडावर सुरू केली. माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचल्या नाहीत. जुलै वाईट म्हणून नाही; त्यांच्या धंद्याचा तो हंगाम होता. तुमचा हंगाम कोणता ते बघा.

वर्षाच्या मध्ये बदलत असाल तर बिलांना नवी मालिका द्या. बिल नंबर १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकदाच वापरलेला हवा. जुनीच मालिका पुढे चालवली आणि एक नंबर दुबार झाला तर आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक, मिळत नाही, आणि गाडी गेटवर उभी राहते.

कटओव्हरचा तक्ता तासागणिक हवा, प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव. ढोबळ क्रम असा:

शुक्रवारी दुपारी ४: शेवटचं जीआरएन. त्यानंतर आलेला माल गेटवरच वेगळ्या जागी, वेगळ्या वहीत.

संध्याकाळी ६: शेवटचं बिल, त्याचं आयआरएन आणि ई-वे बिल निघाल्याची खात्री. आयआरएन २४ तासांतच रद्द करता येतं, म्हणून चुकलेलं बिल त्याच रात्री शोधा. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही.

रात्री: मशीनवरचं अर्धवट काम मोजून नोंदवा. हे सर्वांत दुर्लक्षित. मशीनशेजारच्या ट्रॉल्यांमधला माल कोणाच्याच यादीत नसतो.

शनिवार: प्रत्यक्ष साठा मोजणी. मोजणारा आणि लिहिणारा वेगळे, आणि मोजणाऱ्याच्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापलेला नको. फरक जुन्या सिस्टीममध्ये भरा, मग जुनी बंद, बॅकअप.

शनिवारी रात्र ते रविवार दुपार: डेटा चढवणं, ताळा, सह्या.

रविवारी दुपारी ३: पुढे जायचं की मागे फिरायचं, हा निर्णय. निकष आधीच लिहिलेले हवेत: साठ्याच्या मूल्यात किती फरक चालेल, कोणते पाच व्यवहार चाललेच पाहिजेत. मागे फिरायचा रस्ता त्या क्षणापर्यंत खरोखर उघडा ठेवा. जुनी सिस्टीम सोमवारी सकाळी सुरू करता येते हे तिसऱ्या सरावात करून बघितलेलं असावं.

सावधान: ग्राहकांसाठी तयार मालाचा तीन-चार दिवसांचा जादा साठा आधीच करून ठेवा आणि मुख्य ग्राहकांना तारीख लेखी कळवा. त्यांच्या पोर्टलचा जोड चालला नाही तर हाताने एएसएन चढवायची तयारी ठेवा.

## ९. पहिला महिना

दोन्ही सिस्टीम समांतर चालवू नका. अकाउंट्सला महिनाभर ते जमतं, पण स्टोअरला नाही. माणूस घाईत ओळखीच्या स्क्रीनवर एन्ट्री करतो आणि नव्या सिस्टीमचा साठा तिसऱ्या दिवशी बिघडतो. सोमवारी सकाळी जुन्या सिस्टीमचे लिहिण्याचे सगळे अधिकार काढलेले असावेत, मालकांचेसुद्धा.

रोज सकाळी साडेआठला वीस मिनिटं उभ्याने बैठक. काल काय अडलं, कोण सोडवणार, कधी. रोज दहा पार्ट मोजा, चुकलेल्या आकड्याचं कारण त्याच दिवशी शोधा. दुरुस्तीची एन्ट्री कारण न शोधता टाकू द्यायची नाही. नाहीतर "वजन फरक" नव्या नावाने परत येतो. वह्या आणि एक्सेल कुठे पुन्हा उघडल्या जातात तेही बघा. वही ओढून घेऊ नका. काकांना विचारा, सिस्टीममध्ये काय सापडत नाही म्हणून ती लागली. भोसरीत उत्तर होतं, क्वालिटीने अडकवलेला माल वेगळा दिसत नाही. अडकवलेल्या साठ्याचं वेगळं लोकेशन उघडून दिल्यावर वही दीड आठवड्यात खणात गेली.

महिना बंद करताना जीएसटीची मासिक विवरणं भरायच्या तारखा, जीएसटीआर-१ची ११ आणि जीएसटीआर-३बीची २०, लक्षात ठेवून उलटी मोजणी करा. पहिल्या महिन्याचा विक्रीचा आकडा ई-इनव्हॉइस पोर्टलवरून उतरवून सिस्टीमशी बिलागणिक जुळवा. हा ताळा आणि दुसरी साठा मोजणी, दोन्हींवर सह्या झाल्या की मगच कन्सल्टंटचं शेवटचं बिल मंजूर करा.